पाणीवेशीपुढील चौक

(शास्त्रपाठ : नहेम्या ८:१-१८; १३:२३-२७; इब्री लोकांस पत्र १२:५-११)

हा लेख हाती घेण्यापूर्वी वरील तिन्ही भाग पवित्र शास्त्रातून वाचून काढावेत अशी विनंती आहे. घरात मुले असतील तर त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगावे. ती कोणत्या शब्दापाशी थांबतात, कोणता शब्द नुसताच उच्चारून पुढे जातात, तिकडे लक्ष असू द्यावे. उपासना आणि उपदेश यांविषयी आज जे लिहावयाचे आहे ते त्या थांबण्यापाशीच सुरू होते.

प्रथम माझी एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी इंदूरच्या एका मंडळीत मी शब्बाथशाळेचा मोठ्या मुलांचा वर्ग घेत असे. मुले मराठी घरांतली. पण शाळा हिंदी, शेजार हिंदी, खेळणे-भांडणे सारे हिंदीत. घरी आजीशी मराठी बोलत, आणि तीही आमच्या इकडच्या वळणाची, ‘काय करून राहिलास’ अशी. त्या रविवारी पाठ इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायावर होता. बाप आपल्या मुलाला जशी शिक्षा करतो तशी देवही आपल्या लेकरांना करतो, असा त्या भागाचा आशय. मी वचन वाचले आणि अर्थ विचारला. अकरा वर्षांचा एक मुलगा चटकन उभा राहिला व म्हणाला, “सर, ज्यांच्यावर देवाचं प्रेम असतं त्यांना तो शिकवतो. शाळेत टाकतो.”

वर्ग हसला. मीही हसलो. मुलाचा घोटाळा उघड होता: हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. हसण्यावर थांबलो असतो तरी बरे होते. पण मला राग आला. मराठी ख्रिस्ती घरात जन्मून साधा शब्द कळत नाही, असे मी त्याला सर्वांदेखत म्हटले आणि ‘शिक्षा म्हणजे दंड’ हे दहा वेळा लिहायला लावले. तो पुढचे दोन रविवार आला, मग येईनासा झाला. आईने सांगितले की शिकवणी असते. ते मानणे मला सोयीचे होते, म्हणून मी मानले.

काही वर्षांनी दुःखसहन सप्ताहातील एका अभ्यासवर्गात एका वृद्ध पाळकसाहेबांनी तोच अध्याय घेतला. त्यांनी सांगितले की मूळ ग्रीक भाषेत तेथे ‘पायदेइया’ असा शब्द आहे. त्या शब्दाच्या मुळाशी ‘लेकरू’ हा शब्द आहे. अर्थ म्हणजे लेकराला वाढविणे, वळण लावणे, शिकविणे. त्यात दटावणे येते, मारही येतो. सहाव्या वचनात फटक्यांचा स्पष्ट उल्लेख आहेच. तेव्हा त्या मुलाचे उत्तर पूर्ण नव्हते, हे खरे. पण माझेही नव्हते. शिवाय आपल्या मराठी ‘शिक्षा’ शब्दाचे मूळही शिकण्याच्याच धातूत आहे, हे मी मराठीचा अभिमान मिरविणारा शिक्षक विसरलो होतो. ज्याला दहा वेळा लिहायला लावले त्याने वचनाचा अर्धा भाग बरोबर सांगितला होता, आणि उरलेला अर्धा मी त्याला प्रेमाने सांगावयाचा होता.

आता नहेम्याच्या आठव्या अध्यायाकडे वळू. काळ इ. स. पूर्व ४४५ च्या सुमाराचा. यरुशलेमेचा पाडाव होऊन सुमारे १४० वर्षे झालेली. तट नुकताच ५२ दिवसांत बांधून पुरा झाला आहे (६:१५), आणि सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी लोक पाणीवेशीपुढील चौकात जमले आहेत. मंदिराच्या अंगणात नव्हे, चौकात. पहिल्याच वचनात एक गोष्ट आहे ती आपण वाचताना ओलांडून जातो: नियमशास्त्राचा ग्रंथ आणा, असे एज्राला लोकांनी सांगितले. मागणी लोकांची होती. उपदेश कसा झाला याची चर्चा आपण उपासना संपल्यावर पोह्यांची बशी हातात घेऊन करतो. उपदेशाची मागणी आपण केली होती काय, हा प्रश्न त्या चर्चेत सहसा येत नाही.

एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत वाचत होता. पुरुष, स्त्रिया आणि ज्यांना ऐकून समजेल असे सर्व, म्हणजे समजत्या वयाची मुलेही, तेथे होती. एज्रा लाकडी मंचावर उभा होता. त्याच्या उजवीकडे सहा जण व डावीकडे सात जण होते, आणि त्यांची नावे दिली आहेत. ही नावे वाचताना जीभ अडखळते म्हणून आपण ती गाळतो. पण सातव्या वचनात आणखी तेरा नावे येतात आणि ती गाळू नयेत, कारण त्या तेरा जणांचे आणि त्यांच्याबरोबरच्या लेव्यांचे काम निराळे आहे. लोक आपापल्या जागी उभे असताना ते त्यांना समजावून सांगत होते. मंचावरून एकाने वाचावे, आणि खाली गर्दीत, माणसांच्या खांद्याला खांदा लावून, अनेकांनी अर्थ उलगडावा, अशी ती व्यवस्था दिसते.

समजावून सांगण्याची गरज का पडली? आठव्या वचनातील एका इब्री शब्दावर विद्वानांत मतभेद आहे. कोणी म्हणतात त्याचा अर्थ ‘स्पष्टपणे’, कोणी म्हणतात ‘भागाभागाने’, आणि कोणी म्हणतात ‘भाषांतर करून’. यहूदी परंपरेने तिसरा अर्थ धरला आणि अरामी भाषांतराची प्रथा या चौकात सुरू झाली असे मानले. ते पटण्याजोगे आहे. पारसी साम्राज्याचा कारभार अरामीत चाले. बाबेलहून परतलेल्या घरांत बाजारहाट अरामीत होत असणार. शास्त्र पूर्वजांच्या इब्रीत, रोजचा हिशेब अरामीत. इंदूरच्या मराठी माणसाला ही स्थिती नव्याने समजावून द्यावी लागत नाही.

इंदूर १८१८ साली मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी झाले आणि दरबाराच्या आश्रयाने येथे मराठी नांदली. १९१७ साली येथे मराठी साहित्य संमेलन भरले, आणि पुढच्याच वर्षी हिंदी साहित्य संमेलन भरले त्याचे अध्यक्ष महात्मा गांधी होते. १९३५ साली तर दोन्ही भाषांची संमेलने एकाच वर्षी या शहराने पाहिली. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे रेव्ह. डग्लस १८७७ साली येथे आले, १८८७ साली इंदूर ख्रिश्चन कॉलेज निघाले. मिशनचा भर माळव्याच्या हिंदीवर राहिला आणि ते योग्यही होते. १९४८ साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ साली मध्य प्रदेश झाला. दरबार गेला, कचेऱ्यांची भाषा हिंदी झाली. मराठी घरात राहिली, आणि आता घरातही आजीच्या खोलीपुरती राहिली आहे. २००१ साली मराठी साहित्य संमेलन पुन्हा इंदुरात भरले तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने गेलो. नातवंडांना बरोबर नेले. ती थोड्या वेळाने बाहेर कुल्फी खायला निघून गेली.

पुण्या-मुंबईचे वाचक म्हणतील, हा तुमच्या इंदूरचा प्रश्न. मला तसे वाटत नाही. तेथे हिंदीच्या जागी इंग्रजी आहे, एवढाच फरक. शब्बाथशाळेतील मुलांना ‘तारण’, ‘समेट’, ‘खंडणी’, ‘नीतिमान’ या शब्दांचा अर्थ विचारून पाहावा.

अशा वेळी मंडळीने काय करावे? नहेम्याच्याच पुस्तकात या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय आठव्या अध्यायाची थोरवी कळत नाही. दुसरे उत्तर तेराव्या अध्यायात आहे. यहूद्यांनी परक्या स्त्रियांशी विवाह केले होते आणि त्यांची निम्मी मुले अश्दोदी भाषा बोलत. त्यांना यहूदी भाषा येत नसे. नहेम्या संतापला. त्याने त्या लोकांना शाप दिले, काहींना मारले, त्यांचे केस उपटले आणि शपथा घ्यायला लावल्या. शास्त्राने हे झाकून ठेवलेले नाही. नहेम्याची चिंता खोटी नव्हती. ज्या पिढीला पूर्वजांची भाषा कळत नाही तिला पूर्वजांच्या देवाची कथा कशी कळणार, ही भीती खरी आहे, आणि ती मलाही वाटते. विवाहांविषयी त्याने शलमोनाचे उदाहरण दिले तेही विचार करण्याजोगे आहे. पण केस उपटल्याने एकाही मुलाला यहूदी भाषा आली, असे त्या अध्यायात लिहिलेले नाही. आठव्या अध्यायात मात्र परिणाम लिहिला आहे: लोकांनी मोठा आनंद केला, कारण सांगितलेले त्यांना समजले होते (८:१२). मी त्या रविवारी वर्गात तेरावा अध्याय चालविला.

समजावून सांगणे म्हणजे सोपे, पातळ करणे नव्हे. येथे दोन मराठी उदाहरणे घेऊ. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात घातली. संस्कृतात पंडिता म्हणून गाजलेली ही बाई. तिला भारदस्त मराठी लिहिणे अवघड नव्हते. तिने इब्री व ग्रीक शिकून घेतली आणि ते श्रम केडगावच्या मुक्ती मिशनमधील साध्या, अल्पशिक्षित बायकांना कळेल अशा मराठीसाठी खर्च केले. १९२२ साली त्या प्रभूच्या घरी गेल्या. त्यांचे भाषांतर १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. चौकातल्या लेव्यांत मी रमाबाईंना धरतो.

दुसरे उदाहरण कीर्तनाचे. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंगात तत्त्व मांडायचे, उत्तररंगात आख्यान लावायचे. अधूनमधून पद, आणि पद आले की श्रोत्यांनी टाळ घेऊन साथ करायची. उधळ्या पुत्राची गोष्ट गावच्या चावडीपुढे अशी ऐकलेल्या माणसाला ती विलायती वाटण्याचे कारण नव्हते. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी हेच काम गीतांतून केले. आपल्या ‘उपासना-संगीता’तील त्यांची गीते काढून टाकली तर आपल्या उपासनेत काय उरेल, याचा विचार कधीतरी करून पाहावा. कीर्तनात ऐकणाऱ्याला नुसते बसता येत नाही. आपल्या बाकांवर मात्र नुसते बसण्याची पूर्ण सोय आहे. (प्रेषितांच्या कृत्यांतील युतुख खिडकीत बसून झोपी गेला व खाली पडला, आपल्याकडे बाकांना पाठ असल्यामुळे तो धोका नाही.)

भाषा म्हणजे केवळ मराठी, हिंदी किंवा इंग्रजी एवढेच समजू नये. चौकात जमलेले लोक कोण होते? पाचवा अध्याय पाहावा. शेते व द्राक्षमळे गहाण पडलेले, राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढलेले, आपली मुलेमुली दास्यात द्यावी लागलेले हे लोक आहेत, आणि सावकार त्यांचेच भाऊबंद आहेत. नियमशास्त्राचा अर्थ अशा माणसांना सांगावयाचा होता. आज आपल्या मंडळीत बाकावर कोण बसले आहे? घराच्या हप्त्याची तारीख मनात मोजणारा, ठेक्यावरची नोकरी मार्चनंतर राहील की नाही हे न कळणारा, लग्नाच्या मुलीसाठी आपल्याच मंडळीत हुंड्याच्या गोष्टी ऐकून आलेला, म्हाताऱ्या आईचे कोणी करायचे यावरून भावाशी न बोलणारा. बंधुप्रीतीवर पाऊण तास बोलणारा उपदेशक यांपैकी एकाही दाराशी थांबला नाही, तर त्याची मराठी कितीही शुद्ध असो, ती श्रोत्यांना अश्दोदीच वाटणार. मंचावरून प्रत्येक दाराशी जाता येत नाही, हेही खरे. म्हणून तर खाली लेवी होते.

२०२० साली कोरोनामुळे मंदिरांची दारे बंद झाली तेव्हा उपासना मोबाईलवर आली. आमच्या घरात एकाच रविवारी तीन भाषांत तीन उपासना चालत: मी मराठी, मुलगा-सून हिंदी, नातवंडे इंग्रजी. तेव्हा मला प्रथम वाईट वाटले. मग असे दिसले की तिन्ही उपदेश उत्तम होते. जगातला कोणताही नामांकित उपदेशक आता आपल्या स्वयंपाकघरात बोलू शकतो. एज्रांची वाण राहिली नाही. पण उपदेश संपल्यावर नातीने “आजोबा, एफोद म्हणजे काय?” असे विचारले, ते त्या उपदेशकाला नव्हे, मला. शेजारी उभे राहून अर्थ सांगणारे मोबाईलवर मिळत नाहीत. दारे पुन्हा उघडली तेव्हा आमच्याकडे लोक कमी-अधिक परतले, पण शब्बाथशाळेचे शिक्षक पूर्वीइतके परतले नाहीत. पाळकसाहेबांना चांगला उपदेश करता यावा म्हणून आपण प्रार्थना करतो. शब्बाथशाळेला शिक्षक मिळावेत म्हणून मात्र सूचना-फलकावर चिठ्ठी लावतो.

आणखी एक गोष्ट. नियमशास्त्राचे शब्द ऐकून लोक रडू लागले, तेव्हा नहेम्या, एज्रा व लेवी यांनी त्यांना रडू दिले नाही. हे मला आपल्या जागृतीच्या सभांहून फार निराळे वाटते. आपल्याकडे किती डोळे ओले झाले यावरून सभेची मोजदाद होते. अश्रूंना मी कमी लेखत नाही. नवव्या अध्यायात पापकबुलीचा दिवस आहेच, तोही चोविसाव्या दिवशी, सण उरकल्यावर. पण समजल्याचे पहिले फळ म्हणून लोकांना काय सांगितले? घरी जा, चांगले खा, गोड प्या आणि ज्यांच्या घरी काही रांधलेले नाही त्यांना वाटा पाठवा. पाचव्या अध्यायातील कर्जबाजारी घरे येथे पुन्हा आठवावीत. वाटा कोणाकडे पाठवायचा याची यादी एज्राला देण्याची गरज नव्हती. शेजारच्याला ते ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी घराण्यांचे मुख्य पुरुष पुन्हा एज्राकडे आले, अभ्यासाला बसले, आणि मांडवांच्या सणाविषयीची आज्ञा त्यांना सापडली. मग धाब्यांवर, अंगणांत, चौकांत डहाळ्यांचे मांडव उभे राहिले. पहाटे ऐकलेल्या शास्त्राला पंधरवड्याच्या आत छप्पर फुटले, असे म्हणावे लागेल.

हा पाठ वर्गात घेणाऱ्या शिक्षकांसाठी थोडेसे. आठवा अध्याय मुलांकडून वाचून घ्यावा, प्रत्येकी दोन-तीन वचने. वाचताना कोणी चुकला तर मध्ये टोकू नये. नंतर न कळलेले शब्द मुलांनीच सांगावेत व फळ्यावर लिहावेत. अर्थ मराठीत सुचेना तर हिंदीत सांगू द्यावा, इंग्रजीत सांगू द्यावा, आणि मग मराठी शब्द त्याच्या शेजारी लिहावा. एखाद्याचा अर्थ चुकला असे वाटले तर प्रथम तो अर्थ वचनात कोठे बसतो का ते पाहावे. आमच्या वर्गात फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा आशय सांगताना मी म्हटले, ख्रिस्त खाली आला. एका मुलीने ते हिंदी कानाने ऐकले आणि विचारले, खाली म्हणजे रिकामा का आला? या वेळी मी हसलो नाही. सातवे वचन काढून तिलाच वाचायला दिले.

त्या मुलाविषयी सांगावयाचे राहिले. तो आता दुसऱ्या शहरात नोकरीला आहे, त्याला मुले आहेत. त्याच्या आईकडून क्रमांक घेऊन मी गेल्या नाताळात त्याला मोबाईलवर लिहिले. ग्रीक शब्दाचे सांगितले, त्याचे उत्तर अर्धे बरोबर होते हे सांगितले, आणि क्षमा मागितली. दोन दिवसांनी उत्तर आले, हिंदीत: सर, दस बार लिखा था, आज तक याद है. खाली त्याने विचारले होते की मुलांसाठी गोष्टींचे सोपे मराठी बायबल कोठे मिळेल. बायकोला मराठी येत नाही, तेव्हा तिलाही कळेल असे हवे. मी त्याला पुस्तक पाठविले आहे. कठीण शब्दांचे अर्थ समासात पेन्सिलीने हिंदीत लिहून दिले. ‘शिक्षा’ या शब्दापुढची जागा मात्र मोकळी ठेवली आहे. ते त्याने मुलांना सांगावे.